बिलावरची छोटी ओळ : जगाच्या मालबाजाराचे नियम कोण लिहितं?

दिवाळीच्या फराळासाठी तेलाचा डबा मी दरवर्षी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून आणते. पंधरा किलोचा डबा घ्यायचा आणि आम्ही तिघी जावा-नणंदांनी वाटून घ्यायचा, हा घरातला जुना शिरस्ता. या खेपेला दुकानदार काका म्हणाले, "ताई, काल आला असतात तर चाळीस रुपये कमी पडले असते. आज मलेशिया तेज आहे." डबा सोयाबीन तेलाचा होता. मलेशियाचा त्यात थेंबही नव्हता.

रिक्षात बसून बिलाची घडी घालताना तळाची बारीक अक्षरातली ओळ दिसली : 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन'. म्हणजे या खरेदीवरून वाद झालाच, तर दावा पुण्याच्या कोर्टात. पुण्यातल्या बहुतेक दुकानांच्या बिलांवर ही ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. मी नऊ वर्षं एका आयात-निर्यात करणाऱ्या पेढीत कागदपत्रं सांभाळली आहेत, त्यामुळे मला लगेच तिची मोठी बहीण आठवली. आपल्याकडचं आयात सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येतं. तिकडचा विकणारा आणि मुंबईचा घेणारा ज्या करारावर सह्या करतात, त्यावरही अशीच एक ओळ असते. फक्त तिथे गाव असतं लंडन.

तेल लंडनला जात नाही. विकणारा तिथला नाही, घेणारा तिथला नाही. तरी भांडायचं लंडनमध्ये. आयात शुल्क, निर्यातबंदी, डब्ल्यूटीओ हे शब्द बातम्यांत सतत कानावर पडतात आणि वाटतं, जगाचा व्यापार कुठल्यातरी एका मोठ्या सरकारी टेबलाभोवती ठरत असणार. असं टेबल कुठेच नाही. नियम चार-पाच ठिकाणी लिहिले जातात आणि त्यातले सगळ्यात जास्त पाळले जाणारे नियम कुठल्याच सरकारने लिहिलेले नाहीत.

पोतं ओळखू येईनासं होतं, तेव्हा

हापूसची पेटी घेताना आपण विचारतो, बाग कुणाची? देवगडचा की रत्नागिरीचा? सोयाबीनच्या पोत्याला असं कुणी विचारत नाही. ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणा किती, एवढं कळलं की झालं. ज्या मालाचं एक पोतं दुसऱ्या पोत्याच्या जागी बिनदिक्कत चालतं, त्याला कमोडिटी म्हणतात. मी पुढे नुसता 'माल' म्हणेन.

म्हणजे माल शेतात पिकतो खरा, पण त्याला कमोडिटी बनवते ती प्रतवारी. आणि प्रत ठरवतो त्याच्या हातात पहिली किल्ली असते. शिकागोच्या व्यापाऱ्यांनी १८४८ मध्ये 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड' स्थापन केलं. तोपर्यंत शेतकऱ्याचा गहू त्याच्याच पोत्यात, त्याच्याच नावाने विकला जायचा. रेल्वे आली, उंच कोठारं उभी राहिली, आणि सगळ्यांचा गहू एकाच कोठारात ओतायची वेळ आली. मग कुणाचा किती आणि कसला हे कसं सांगायचं? बोर्डाने प्रती ठरवल्या आणि शेतकऱ्याच्या हाती पोत्याऐवजी पावती आली. १८६५ मध्ये त्याच बोर्डाने वायद्याचे ठरीव करार आणले. वायदा म्हणजे आज भाव पक्का करून पुढच्या ठरावीक महिन्यात माल द्यायचा-घ्यायचा सौदा.

प्रतवारीतल्या एका आकड्यात किती पैसा असतो, हे मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्के केली. त्याच ढिगातलं सोयाबीन आदल्या दिवशी नापास होतं, दुसऱ्या दिवशी पास झालं. दाणा तोच होता.

भावाचा मीटर आणि टॅरिफ कार्ड

पुण्यात पूर्वी रिक्षाचं भाडं वाढलं की मीटर लगेच बदललेले नसायचे. मीटर जुनाच आकडा दाखवायचा आणि रिक्षावाले काका वरच्या खिशातून टॅरिफ कार्ड काढून, त्यावर बोट फिरवून खरं भाडं सांगायचे. जगातला मालाचा भाव असाच निघतो. मीटर एका ठिकाणी, कार्ड प्रत्येकाचं वेगळं.

सोयाबीनचा मीटर शिकागोत आहे. तिथला एक सौदा ५,००० बुशेलचा. बुशेल हे मूळचं टोपलीचं माप, सोयाबीनसाठी ते ६० पौंडांवर, म्हणजे सुमारे २७.२ किलोंवर पक्कं केलेलं आहे. सौदा झाला साधारण १३६ टनांचा. ब्राझीलच्या बंदरावर भाव बोलताना 'शिकागोवर इतके जास्त' किंवा 'शिकागोपेक्षा इतके कमी' असंच बोलतात. पाम तेलाचा मीटर क्वालालंपूरला : २५ टनांचा सौदा, भाव मलेशियाच्या रिंगिटमध्ये. कच्च्या साखरेचा न्यूयॉर्कला, पांढऱ्या साखरेचा लंडनला. लक्ष्मी रोडवरच्या सोन्यामागेही लंडन आहेच. तिथे सोन्याचा भाव ठरवायची प्रथा १९१९ मध्ये सुरू झाली, आणि १९६८ पासून तो दिवसातून दोनदा ठरतो.

आता काकांचं वाक्य उलगडतं. फरसाणवाले, बिस्किटांचे कारखाने, हॉटेलं ज्या वेळी जे तेल स्वस्त त्या तेलाकडे वळतात. पाम महागलं की गिऱ्हाईक सोयाबीनकडे सरकतं आणि सोयाबीनही वर जातं. जगात सगळ्यात जास्त खपणारं खाद्यतेल पामचं, म्हणून बाजाराचे कान क्वालालंपूरकडे लागलेले असतात. आपलं सीमाशुल्क खातंसुद्धा साधारण दर पंधरवड्याला पाम आणि सोयाबीन तेलाची शुल्क-आकारणीची किंमत जाहीर करतं, ती जागतिक भाव बघूनच.

मीटर दुसऱ्याच्या गावात असला की काय होऊ शकतं, ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत कच्च्या तेलाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, साठवायला जागा नव्हती. २० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये वायद्याचा भाव शून्याखाली, पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे विकणाराच वर पैसे देत होता. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजाराची वेळ टाळेबंदीमुळे संध्याकाळी पाचपर्यंतच होती. न्यूयॉर्कमध्ये भाव कोसळला तेव्हा आपल्याकडे बाजार बंद होता आणि वायदा घेऊन बसलेल्या कुणाला सौद्यातून बाहेर पडता आलं नाही. करारात लिहिलेलं होतं की शेवटचा हिशेब न्यूयॉर्कच्या भावावर. एमसीएक्सने तो पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी केला. ज्यांनी कच्चं तेल डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं, त्यांनी घरातून पैसे भरले.

लंडनचा कागद आणि आपली भिशी

आता त्या छोट्या ओळीकडे. लंडनमध्ये व्यापाऱ्यांच्या दोन संघटना आहेत. 'फोस्फा' तेल, तेलबिया आणि चरबीची, 'गाफ्ता' धान्य आणि पशुखाद्याची. त्यांना कुठल्या संसदेने नेमलेलं नाही. जगातल्या धान्यव्यापारातला सुमारे ८० टक्के व्यवहार आपल्या करारनाम्यांवर होतो, असं गाफ्ता सांगते. तेलांबाबत फोस्फाचा दावा ८५ टक्क्यांचा आहे.

हे करारनामे छापील असतात. आपण फक्त माल, वजन, भाव आणि जहाज भरण्याचा महिना लिहायचा. नमुना कोण काढणार, वजन कुठलं धरायचं, जहाजाला उशीर झाला तर काय, निर्यातबंदी आली तर काय, हे सगळं आधीच लिहिलेलं असतं. मला त्यातला एक नियम फार आवडायचा. तेल भरण्याआधी जहाजाच्या टाकीत मागच्या फेरीला काय होतं, याचा दाखला द्यावा लागतो, आणि कोणत्या मालानंतर त्या टाकीत खाद्यतेल भरायचं नाही याची यादी फोस्फाने केलेली आहे. माझी आजी रॉकेलचा डबा कितीही घासला तरी त्यात गोडंतेल भरू द्यायची नाही. त्या यादीत आजीचाच नियम आहे.

वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेले पंच. हे पंच त्याच धंद्यातले, बसणार लंडनमध्ये, कायदा इंग्लंडचा.

"पण आपण हे का पाळायचं?"

भिशीचं उदाहरण घ्या. भिशीची कुठे नोंदणी नसते. पण हप्ता बुडवणाऱ्या बाईला पुढच्या भिशीत कुणी घेत नाही, आणि हे गल्लीभर झालेलं असतं. लवादाचा निकाल न पाळणाऱ्या पेढीचं नाव या संघटना आपल्या सभासदांना कळवतात. त्यानंतर तिच्याशी सौदा कोण करणार?

शिवाय बँक आणि विमा कंपनी आहेतच. ओळखीचा छापील करार दिसला की बँक पतपत्र, म्हणजे विकणाऱ्याला पैसे मिळतील याची हमी, देते. आपण स्वतःच्या शब्दांत लिहिलेला करार नेला तर तो वाचायला वकील लागतो, वेळ जातो, व्याज चढतं. आणि १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशातल्या लवादाचा निकाल दुसऱ्या देशातल्या कोर्टाकडून अमलात आणता येतो. भारत त्या करारात आहे. लंडनचा निकाल मुंबईत वसूल होतो.

मग लंडनच का? गाफ्ताची पूर्वज असलेली 'लंडन कॉर्न ट्रेड असोसिएशन' १८७८ ची. तेव्हा जगभरचा गहू ब्रिटनमध्ये उतरत होता. जहाजं त्यांची, विमा त्यांचा, बँका त्यांच्या. त्या गव्हाचे दिवस सरले, कागद मात्र टिकला, कारण दीडशे वर्षांच्या निवाड्यांमुळे त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ पक्का झालेला आहे.

असाच दुसरा कागद पॅरिसचा. तिथल्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये, धोका कुठपर्यंत विकणाऱ्याचा आणि कुठून पुढे घेणाऱ्याचा, हे सांगणाऱ्या संज्ञा ठरवल्या. २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. त्यातली 'सीआयएफ' नवख्यांना हमखास फसवते. विकणारा जहाजभाडं आणि विमा भरतो, म्हणून वाटतं माल आपल्या बंदरात उतरेपर्यंत जबाबदारी त्याची. तसं नाही. माल तिकडे जहाजावर चढला की धोका आपला. वाटेत नुकसान झालं तर विम्याकडे आपणच धावायचं.

"डब्ल्यूटीओ आहे ना?"

आहे. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली आणि ती सरकारांना बांधते, व्यापाऱ्यांना नाही. माझ्या डब्याशी तिचा संबंध असा : पाम तेलावर भारत ३०० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावू शकतो, सोयाबीन तेलावर मात्र ४५ टक्क्यांच्या वर नाही, कारण आपण तसं लिहून दिलेलं आहे.

पण तिच्या हातात किती ताकद उरली आहे, हे समजायला शिवाजीनगरच्या साखर संकुलापर्यंत जाणं पुरेसं आहे. राज्याच्या साखर आयुक्तांचं कार्यालय तिथे आहे आणि एफआरपी, म्हणजे उसाला कारखान्याने द्यायचा किमान भाव, थकला की शेतकऱ्यांचे मोर्चे तिथेच येतात. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी याच एफआरपीवर आणि साखरेच्या निर्यात अनुदानावर डब्ल्यूटीओत तक्रार केली. तिथला नियम सांगतो, आपल्यासारख्या देशाने एखाद्या पिकाला द्यायचा असा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या आत हवा. भारताचं म्हणणं होतं की ऊस सरकार विकत घेत नाही, पैसे कारखाने देतात, मग याला सरकारी आधार कसं म्हणायचं? डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या समितीने ते अमान्य केलं. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. आणि अपील ऐकायला तिथे कुणीच नाही. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळाचं कामच होऊ शकत नाही. निकाल आहे, पण अंमल नाही.

निर्यातबंदीबाबत तर तिथला नियम आधीच सैल आहे. अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते, आणि टंचाई कधी गंभीर हे प्रत्येक देश आपल्या सोयीने ठरवतो. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली तेव्हा आपण हवालदिल झालो होतो. ती २३ मे रोजी सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात थांबवली, आणि ती मे २०२४ पर्यंत थांबलेलीच राहिली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावून झालं होतं. चाकण-मंचरच्या कांदा उत्पादकाला त्या महिन्यांत काय वाटलं असेल, हे समजून घ्यायला इंडोनेशियाच्या पाम उत्पादकाला विचारलं तरी चालेल. शहरातला भाव खाली आणायचा आणि शेतकऱ्याचं गिऱ्हाईक घालवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं, मग ते कोणत्याही देशाने केलेलं असो.

गिऱ्हाईकाचा नियम : नारायणगावची द्राक्षं

माझा आतेभाऊ नारायणगावजवळ द्राक्षं करतो. त्याच्या शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असते, कोपरे औषधाच्या डागांनी पिवळे पडलेली. तारीख, प्लॉट, औषधाचं नाव, लिटरला किती, फवारणी कुणी केली, आणि शेवटच्या रकान्यात काढणीला अजून किती दिवस थांबायचं. माल तोडण्याआधी बागेतला नमुना प्रयोगशाळेत जातो. तो पास झाला तरच पेट्या भरायच्या.

ही वही त्याच्याकडून लिहून घेणारं कोण? युरोपीय संघाने प्रत्येक औषधाच्या अवशेषाची मर्यादा ठरवलेली आहे, आणि ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, तिथे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. त्यावर तिकडच्या मोठ्या दुकान-साखळ्यांचा स्वतःचा नियम, ग्लोबल गॅप. १९९७ मध्ये युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी तो सुरू केला. त्यात सरकार नाही, पण प्रमाणपत्र नसेल तर माल फळीवर लागत नाही.

२०१० मध्ये याच नियमांनी आपल्याकडच्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. वेलीची वाढ रोखायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड युरोपातल्या तपासणीत सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. शेतकऱ्याने आपल्याकडचे नियम पाळले होते, तरी फटका त्यालाच बसला. त्यानंतर यादी सुधारली. द्राक्षांच्या अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्याच पुण्याजवळच्या मांजरी गावात, द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. निर्यातीला जाणाऱ्या मालाच्या तपासणीची पद्धत तिथे बसवली जाते. ज्यांना वाटतं की परदेशी नियम म्हणजे नुसती अडवणूक, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या वहीमुळे माझा भाऊ आज घरच्या पोरांनाही बागेतला घड निर्धास्तपणे खाऊ देतो.

"शेवटी सगळं बड्या कंपन्यांचंच ना?"

धान्यात एडीएम, बंगी, कारगिल आणि लुई ड्रेफस या चार नावांचा दबदबा जुना आहे. इंधनात आणि धातूंत व्हिटॉल, ट्रॅफिगुरा, ग्लेनकोर. कोठारं, जहाजं, धक्के त्यांच्याकडे आणि पिकाची बातमी सरकारांच्या आधी त्यांना कळते. नियम लिहिणाऱ्या समित्यांमध्ये ही मंडळी बसतात, कारण बसायला माणूस पाठवणं त्यांना परवडतं. पण नियमाची वही स्वतःकडे ठेवणारा त्यांच्याहूनही वरचढ ठरतो. ८ मार्च २०२२ ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव काही तासांत टनाला १ लाख डॉलरच्या वर गेला. बाजाराने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे झालेले सौदे रद्दच केले. ज्यांचा नफा बुडाला त्या बड्या गुंतवणूक संस्था कोर्टात गेल्या आणि हरल्या. बाजाराला तो अधिकार त्याच्याच नियमावलीने दिलेला होता. लंडनच्या या बाजाराची मालकी २०१२ पासून हाँगकाँगकडे आहे.

एवढं मोठं गिऱ्हाईक, मग आपला मीटर का नाही?

खाद्यतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत आहे. वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल आपण बाहेरून आणतो. लोहखनिजाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या चीनने आपल्या दालियनच्या बाजारात लोहखनिजाचे वायदे सुरू केले आणि २०१८ मध्ये ते परदेशी व्यापाऱ्यांना खुले केले. आपल्याला हे अशक्य नव्हतं. मुंबईत कापसाचे वायदे १८७५ मध्ये 'बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन'ने सुरू केले होते. लंडनच्या धान्यवाल्यांच्या संघटनेपेक्षा तीन वर्षं आधी.

पण २० डिसेंबर २०२१ ला सेबीने, म्हणजे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, गहू, बिगर-बासमती भात, हरभरा, मूग, मोहरी, सोयाबीन आणि कच्चं पाम तेल या सात मालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. कारण दिलं जातं सट्ट्याचं. सट्टा होतो, हे मी नाकारत नाही. पण आपला मीटर काढून ठेवल्याने भाव ठरायचे थांबत नाहीत. ते शिकागो-क्वालालंपूरला ठरतात आणि लातूरच्या शेतकऱ्याला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारा आकडा आपल्या रुपयांत उरत नाही.

त्याहून मोठी अडचण आपल्या धरसोडीची आहे. १३ सप्टेंबर २०२४ ला गणपती बसलेले होते. त्या दिवशी सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून लागूही केलं. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आलं. वाढवण्याचा हेतू आपल्या सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा होता आणि तो मला पटतो. पण अर्जेंटिनाहून निघालेलं जहाज आपल्या बंदराला लागायला महिन्याहून जास्त लागतो. त्या रात्री जी जहाजं पाण्यावर होती, त्यांचा जुना हिशेब तिथेच संपला. काका सांगत होते, शनिवारी सकाळी शटर उघडायच्या आत फोन सुरू झाले होते, "माल आहे का, कुठल्या भावाने देता?" आणि त्यांना स्वतःलाच भाव माहीत नव्हता.

तेलाचं व्यापारी वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं मोजतात. शुल्काचं कोष्टक दर नोव्हेंबरच्या आधी वर्षभरासाठी जाहीर करावं, आणि मध्येच बदलावं लागलं तर जे जहाज आधीच निघालेलं आहे त्याच्या मालाला जुनाच दर लावावा. वायदे पुन्हा सुरू करण्याच्याही आधी मी ही मागणी ठेवेन. लंडनचा कागद दीडशे वर्षं चालला, कारण जहाज निघताना त्यात जे लिहिलेलं असतं तेच जहाज पोचतानाही असतं.